हातचे सोडून

मराठीच्या प्राध्यापकाला दिवाळीत कशाची धास्ती वाटत असेल, तर ती सहामाहीच्या उत्तरपत्रिकांची. घरोघरी सोऱ्यातून चकल्या पडत असतात, त्यांच्या अंगावर काटे उमटत असतात, आणि आम्ही मात्र कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून विद्यार्थ्यांच्या कागदांवर तांबड्या शाईचे काटे उमटवीत असतो. गेल्या वर्षी अशाच एका गठ्ठ्यात मला एक उत्तर भेटले. त्या उत्तराने माझी सुटी बिघडवली, गुण देण्याचे माझे गणित बिघडवले आणि माझी एक आवडती म्हण कायमची बिघडवून ठेवली. त्याचीच ही हकीगत.

प्रश्न नेहमीचाच होता. 'हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये' या म्हणीचा पाचसात ओळींत विस्तार करा. गुण पाच. या प्रश्नाला वर्गातल्या साठ मुलांपैकी निदान चाळीस जण इसापाचे कुत्रे आणतात. ते कुत्रे तोंडातले हाडूक घेऊन पुलावर उभे राहते, पाण्यातल्या आपल्या सावलीवर भुंकते आणि हाडकाला मुकते. उरलेले वीस जण शेअरबाजारात बुडालेला कोणी काका आणतात. कुत्र्याला चार, काकाला साडेतीन असे माझे गुण ठरलेले.

पण एका कागदावर ना कुत्रे होते ना काका. चारच वाक्ये होती. 'ही म्हण जमिनीवर खरी आहे. पाण्यात खरी नाही. पाण्यात हातचे सोडता आले पाहिजे. नाही सोडले तर माणूस राहतो.'

झाले! शेवटच्या वाक्याखाली मी तांबडी रेघ ओढली आणि समासात लिहिले, 'कोठे राहतो? वाक्य अपुरे.' अक्षर बरे होते म्हणून पाचांपैकी एक गुण दिला आणि पुढचा कागद ओढला. पुढच्या कागदावर कुत्रे होते. जीव भांड्यात पडला.

हा विद्यार्थी मला ठाऊक होता. कळवणपासून पाच कोसांवरच्या एका पाड्यावरून तो येतो. घरी कोकणी बोलतो आणि वर्गात, माझ्या समाधानासाठी, मराठी. बाजाराच्या दिवशी मात्र हटकून गैरहजर. एकदा मी कारण विचारले तेव्हा खाली मान घालून म्हणाला, 'सर, मासे विकायला बसतो. वह्यापुस्तकं त्यातूनच होतात.' मासे कशाने धरतोस, म्हणून विचारले, तर म्हणाला, 'सुरीने.' मला वाटले, मुलगा घाबरून काहीतरी बोलला. मासे कापतात सुरीने; धरतात जाळ्याने नाहीतर गळाने, एवढे ज्ञान आमच्या शाकाहारी घरातही आहे.

कळवण म्हटले की पुण्यामुंबईकडच्या मंडळींना सप्तशृंगीचा गड आठवतो, आणि महागाई वाढली की कांदा आठवतो. आमची नदी मात्र कोणाला आठवत नाही. गिरणा आमच्याच पश्चिमेच्या डोंगरांत उगम पावते आणि मालेगाव, भडगाव करीत जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते. चणकापूरला तिच्यावर इंग्रजी अमदानीतले धरण आहे. पावसाळ्यात ती आणि तिला मिळणारे ओढे तांबडेलाल होऊन धावतात. पण आश्विन सरला की गाळ खाली बसतो, पाणी निवळते आणि काळ्या कातळात कोरलेले डोह आरशासारखे दिसू लागतात. धरणातली मासेमारी ठेक्याची, तेथे सोसायट्यांचे हक्क. पाड्यावरच्या पोराला उरतात ते हे डोह.

गेल्या दिवाळीत पुण्याहून आमचे भाचेराव आले. वय वर्षे एकोणीस. पोहण्याच्या तलावात पन्नास मीटर पाण्याखालून जातो, अशी त्याची ख्याती अक्काच्या प्रत्येक फोनमधून आमच्या कानांवर आलेली. दोन दिवस फराळ करून तो कंटाळला आणि म्हणाला, 'मामा, इथे खरी नदी आहे ना? दाखवा की!' मला त्या विद्यार्थ्याची आठवण झाली. निरोप धाडला. सौभाग्यवतींनी बजावले, 'नदीवर जा, पण पिशवीतून काही घरात आणू नका!' भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे डोहावर हजर.

सुरी खरोखरच होती. वीतभर पात्याची, गावच्या लोहाराने जुन्या करवतीच्या पात्यातून घडवलेली, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. कमरेच्या करगोट्याला कातड्याचे म्यान, त्यात ती खोवलेली. मी आपले शहाणपण पाजळले, 'अरे, मनगटाला दोरीने बांध. हातातून सुटली तर जाईल तळाला.' तो हसला. 'जाऊ दे की सर. बांधली आणि कपारीत अडकली तर हातच अडकेल.'

हे मला तेव्हा फारसे पटले नाही. पण नंतर वाचनात आले की हजारो कोसांवर, कोरियाच्या जेजू बेटावरच्या बायकांना हीच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. हवेची नळकांडी न घेता, एका दमात समुद्राचा तळ गाठून शिंपल्या काढणाऱ्या या 'हेन्यो' बायका. 2016 साली युनेस्कोने त्यांच्या परंपरेला मानवी वारशाच्या यादीत जागा दिली. खडकाला चिकटणारी मोठी शिंपी उचकटण्यासाठी त्यांच्याजवळ लोखंडी पट्टी असते आणि ती मनगटाच्या फासात अडकवलेली असते. शिंपी चवताळून खडकाला घट्ट बसली, पट्टी तिच्याखाली चिरडली आणि फास वेळेवर सुटला नाही, तर बाई वर येत नाही. आपल्या गोव्याकडे खडकावरची शिणाणी बुडी मारून खरवडून आणतात, तेथेही हातातले हत्यार आणि छातीतला दम एवढाच सरंजाम.

डोह दोन पुरुष खोल असेल. भाचेरावांनी तलावातला चष्मा चढवला आणि काठावर उभे राहून लोहाराच्या भात्यासारखे फासफूस श्वास घेण्यास आरंभ केला. 'ऑक्सिजन भरून घेतोय, मामा!' विद्यार्थ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. 'दादा, असं धापा टाकून जायचं नाही. भूल पडते.'

भूल पडते! हा शब्द ऐकून मला वाटले, आता डोहातल्या आसरांची गोष्ट निघणार. पण ही भूल आसरांची नव्हती. आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू संपत आला म्हणून नव्हे, तर अंगात कार्बन डायऑक्साइड साठत गेला म्हणून. भराभर धापा टाकल्या की प्राणवायूची शिल्लक फारशी वाढत नाही, मात्र तो दुसरा वायू निघून जातो. म्हणजे घरात चोर शिरण्याआधीच आपण राखणीचे कुत्रे सोडून दिल्यासारखे झाले. पाण्याखाली छान वाटत राहते, धाप लागत नाही, आणि कोणतीही सूचना न मिळता माणूस बेशुद्ध होतो. अल्बर्ट क्रेग या अमेरिकन संशोधकाने 1961 साली अशा प्रसंगांचा शास्त्रशुद्ध उलगडा केला. पोहण्याच्या तलावांवर चांगले पोहणारे तरुण आजही याच धापांपायी जीव गमावतात, म्हणून घरात पोहणारी मुले असतील त्या आईबापांनी हे ध्यानात ठेवावे. पाड्यावरच्या पोराला क्रेगसाहेब ठाऊक नव्हते. त्याला आजोबाने सांगितले होते, एवढेच.

मग तो स्वतः उतरला. उतरण्यापूर्वी बराच वेळ कमरेइतक्या पाण्यात नुसता उभा होता. श्वास संथ, डोळे पाण्यावर. 'काय बघतोस?' 'मरळ, सर. तिलाबी दम घ्यायला वर यावं लागतं.' हे मला नवीनच होते. मासा म्हटला की तो पाण्यातच श्वास घेणार अशी आपली समजूत. पण मरळीला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, तिला अधूनमधून पाण्याच्या पृष्ठावर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो. ती वर आली की पाण्यावर गोल वर्तुळ उमटते, आणि ती कोणत्या कपारीकडे परत गेली ते जाणत्याला कळते. म्हणजे डोहात दोघेही दमाचे धनी. ज्याचा हिशेब पक्का तो जिंकणार.

आणि मग तो गेला. उडी नाही, सूर नाही, पाण्याचा आवाजही नाही. दार लोटून कोणी आतल्या खोलीत जावे तसा गेला. मी घड्याळ पाहू लागलो. पंचावन्न सेकंदांनी डोके वर आले आणि पाठोपाठ हातभर लांबीची वाम. वाम ही सापासारखी लांबोडकी, पाठीवर काट्यांची ओळ, दिवसा दगडांच्या सापटीत दडून बसणारी. मी म्हटले, 'दिसली कशी रे?' 'दिसत नाही, सर. हाताला लागते.'

तेही खरेच. पाण्यात उघडा डोळा निम्मा आंधळा असतो. हवेतून आत येणारा प्रकाश बुबुळावरच्या फुगीर पडद्याशी वळतो म्हणून आपल्याला स्वच्छ दिसते. पाणी आणि तो पडदा यांची प्रकाश वळवण्याची ताकद जवळजवळ सारखीच असल्याने पाण्यात ते वळणच हरवते आणि सारे धुरकट होते. चष्म्याने डोळ्यापुढे हवेचा थर राहतो, म्हणून दिसू लागते. पण मग प्रत्येक वस्तू आहे त्यापेक्षा जवळ आणि मोठी भासते, आणि नवशिक्याचा हात अलीकडेच पडतो. अंदमान समुद्राच्या काठावरच्या मोकेन लोकांची मुले मात्र डोळ्यांच्या बाहुल्या बारीक करून पाण्याखाली युरोपियन मुलांच्या दुप्पट स्पष्ट पाहतात, असे स्वीडनच्या अ‍ॅना गिस्लेन या संशोधिकेने 2003 साली दाखवून दिले. आमच्या पोराचे डोळे त्याच्या बोटांच्या टोकांना होते. हात कपारीत हळूहळू सरकवायचा, घाई करायची नाही, मासा बोटाला लागला की त्याच्या अंगावरूनच डोक्याकडे जायचे आणि डोक्यामागे सुरी रोवून त्याला तळाशी दाबून धरायचे. एका हाताने सुरी, दुसऱ्या हाताने मासा. 'आणि पाय?' मी विचारले. 'पाय मोकळे पाहिजेत, सर.'

भाचेराव आता थांबेनात. विद्यार्थ्याने त्याला डोहाची अलीकडची बाजू नेमून दिली आणि पलीकडे बोट दाखवले. तेथे पुरात वाहून आलेले बाभळीचे खोड बुडालेले होते. 'त्या खोडाकडे जायचं नाही, दादा. तंगूस अडकलाय तिथं.' तंगूस म्हणजे नायलॉनच्या बारीक तंतूचे जाळे. पाण्यात दिसत नाही, कुजत नाही, तुटत नाही. कोणाचे तरी पुराने ओढून नेलेले जाळे त्या खोडाला गुरफटले होते.

दोघेही एकदमच खाली गेले. मी काठावरच्या दगडावर बसून घड्याळ पाहत होतो. वीस सेकंद. तीस. पलीकडे, खोडाच्या अंगाला, बुडबुडे आले. पाणी गढूळ झाले. चाळीस. मी उभा राहिलो.

आणि विद्यार्थ्याचे डोके वर आले. एकट्याचे.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने एक श्वास घेतला. संथ. मग दुसरा, तसाच संथ. वाचकहो, माणसाचा राग किती वेगाने येतो ते त्या दिवशी मला कळले. त्या दोन श्वासांत मी त्या पोराला मनातल्या मनात भित्रा ठरवले, कृतघ्न ठरवले. अक्काला काय तोंड दाखवू, म्हणून स्वतःलाही शिव्या दिल्या. मला पोहता येते ते विहिरीपुरते. तरीही मी सदऱ्यासकट गुडघाभर पाण्यात शिरलो होतो. तिसरा श्वास छातीत भरून घेऊन तो खाली गेला.

त्यानंतर किती वेळ गेला ते सांगता येत नाही, कारण मी घड्याळाकडे पाहिले नाही. दोन डोकी एकदम वर आली. भाचेरावांना काठावर ओढले तेव्हा तो खोकत होता, ओकत होता, पण डोळे उघडे होते. उजव्या घोट्याभोवती तंगूसाचे तंतू करकचून रुतले होते आणि त्यांची टोके सुरीने साफ कापलेली होती.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग श्वास लागताच आमचा भाचा पहिले वाक्य बोलला ते असे : 'याने मला सोडलं, मामा. मी याचा हात धरला होता. हिसडा मारून सोडवून वर गेला.'

मी विद्यार्थ्याकडे पाहिले. तो खाली मान घालून मुठीवरची ट्यूबची पट्टी नीट करीत होता. म्हणाला, 'माझा दम सरला होता, सर. आधीच कपारीत होतो. तसाच कापत बसलो असतो, तर दोघंबी राहिलो असतो.'

राहिलो असतो! माझ्या टेबलावर, तांबड्या रेघेखाली, तो शब्द पडून होता. 'कोठे राहतो? वाक्य अपुरे.' वाक्य अपुरे नव्हते. एवढे पुरे वाक्य त्या गठ्ठ्यात दुसरे नव्हते.

हळूहळू सगळी हकीगत बाहेर आली. भाचेरावांना एक मासा दिसला, तो खोडाकडे पळाला आणि हे त्याच्या मागे गेले. म्हणजे म्हणीचा दुसरा अर्धा भाग पाण्यातही खराच ठरला म्हणायचा. त्याच वेळी इकडे कपारीत मरळ होती. 'केवढी?' मी विचारले. त्याने कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवला. सुरीखाली आलेली, दाबून धरलेली. पाणी गढूळ होऊन तंगूस हलल्याचे त्याला जाणवले, तेव्हा त्याने सुरी उपसली आणि मरळ सोडली. खोडापर्यंत पोचला तो भाच्याने त्याचा हात धरला. तो हातही सोडवला. मग वर येऊन तीन श्वास घेतले आणि परत जाऊन जाळे कापले. एका दमात दोन गोष्टी त्याच्या हातात आल्या होत्या. दोन्ही त्याने सोडल्या, म्हणून तिसरी हाती लागली.

'सुरी मुळात माशासाठी नाहीच, सर,' तो म्हणाला. 'मासा हातानंबी धरता येतो. आजोबा म्हणायचा, सुरी आपल्याला सुटायसाठी.'

आपल्या भाषेत 'दम' हा शब्द फारसीतून आला. तेथे त्याचा अर्थ श्वास. मराठीत आल्यावर त्याला धीराचाही अर्थ चिकटला. आपण दम धरतो, दम खातो, 'जरा दम खा' म्हणजे थोडा थांब. वर्गात मी हे दरवर्षी सांगतो. श्वास आणि धीर यांना एकच शब्द का, हे मात्र मी कधी विचारात घेतले नव्हते. काठावर उभा असताना माझ्याजवळ श्वास भरपूर होता, धीर नव्हता. पाण्यात त्याच्याजवळ श्वास संपलेला होता, धीर होता.

परतीच्या वाटेवर भाचा गप्प होता. पाड्याशी निरोप घेताना त्याने विद्यार्थ्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. या खेपेस हिसडा कोणी मारला नाही. अक्काला काय सांगायचे यावर आम्हा मामाभाच्यांत करार झाला, तो मी आज येथे मोडतो आहे. अक्का, राग मानू नकोस. हा अंक तुझ्या हाती पडेल तेव्हा पोरगा तुझ्यासमोर बसून चिवडा खात असेल. त्याच्या उजव्या घोट्यावर बारीक पांढऱ्या रेघा आहेत. खेळताना पडलो, असे त्याने तुला सांगितले असेल.

घरी येऊन मी गठ्ठा उपसला. आमच्याकडे दिलेले गुण बदलायचे तर खाडाखोडीशेजारी सही करावी लागते. एकावर काट मारून मी पाच केले आणि सही केली. समासातला माझा शेरा मात्र खोडला नाही. तो तसाच राहू द्यावा असे वाटले. कागद मुलांना पाहायला मिळतो, आणि मास्तरही चुकतो हे त्यांना कळायला हरकत नसावी. सुटीनंतर त्याने कागद पाहिला. काही बोलला नाही. बाजाराच्या दिवशी नेहमीप्रमाणे गैरहजर राहिला.

यंदा तो दुसऱ्या वर्षाला आहे. सहामाहीला मी म्हण विचारली आहे, 'बुडत्याला काडीचा आधार.' गठ्ठा समोर आहे, आत स्वयंपाकघरात अनारसे तळले जात आहेत. इसापाच्या कुत्र्याला या म्हणीत जागा नाही, तेव्हा बाकीचे विद्यार्थी काय आणतात ते दिसेलच. त्याचा कागद मी वेगळा काढून ठेवला आहे. तो मी शेवटी वाचणार आहे, आणि वाचताना तांबडे पेन खिशातच राहील.